कपिलेचे तीन वेगळे पट्टे

"मॅडम, तुम्हीच म्हणालात ना, रोग या नव्या गाईने आणला? आता तिला इथून हलवा," पाटील म्हणाले.

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा गोठा होता. त्याच्या एका कोपऱ्यात यमुनाबाई भाड्याने आपल्या दोन गाई बांधायच्या. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यापासून त्यांचं घर दुधावरच चालायचं. नवी गाय, कपिला, महिन्यापूर्वी आणलेली. आधी तिला ताप आला, तोंडात फोड आले. मग पाटलांच्या दोन गाईंनाही तेच झालं.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मी पशुवैद्य, अंधेरीच्या एका लॅबमध्ये विषाणूंवर काम करायचे. रक्ताचे नमुने घेताना सहज बोलून गेले होते, "नवं जनावर आलं की होतं असं कधीकधी." पाटलांनी तेच पक्कं धरलं.

"हिला विकून खाऊ काय, डॉक्टरीणबाई?" यमुनाबाईंनी विचारलं. मी पाटलांकडे वळले.

"रिपोर्ट येईपर्यंत थांबा," मी म्हटलं. ते कसेबसे तयार झाले.

काही आठवड्यांनी नमुन्यांत ब्लूटंगचा विषाणू सापडला. चिलटांसारखे बारीक किडे चावून तो पसरतो. त्याची जनुकं दहा तुकड्यांत असतात. जेलच्या थरातून वीज सोडली की छोटे तुकडे पुढे पळतात, मोठे मागे राहतात, आणि दहा पट्टे उमटतात. पाटलांच्या दोन्ही गाईंचे पट्टे सारखे आले. कपिलेचे तीन पट्टे भलत्याच जागी होते.

"जेल नीट चाललं नसेल. पुन्हा लाव," लॅबचे साहेब म्हणाले.

"दोनदा लावलंय, सर."

"मग माझ्यासमोर लाव. तिन्ही शेजारीशेजारी."

लावलं. साहेबांनी ते दिव्यावर धरून पट्टे दोनदा मोजले. "रोग एकच, पण विषाणू दोन जातींचे आहेत गं," ते म्हणाले. "हिच्याकडून तो तिकडे गेलेला नाही."

जेलचा फोटो घेऊन मी मुलुंडला गेले. पाटलांना कपिलेचे वेगळे पट्टे बोटाने दाखवले.

"म्हणजे कपिलेचा दोष नाही?"

"नाही. मी चुकीचं बोलले होते."

"मग माझ्या गाईंना आलं कुठून?"

"ते मला माहीत नाही. पण हा शेणाचा चिखल उपसा, किडे त्यातच वाढतात."

दुसऱ्या दिवशी पाटील आणि यमुनाबाईंनी मिळून चिखल उपसला. तिन्ही आजारी गाई बऱ्या झाल्या. पुढच्या वर्षी कपिला त्याच कोपऱ्यात व्याली.

तेव्हापासून रिपोर्ट हातात येईपर्यंत मी गोठ्यात फक्त चहा पिते. मत देत नाही.