अप्पांची फुंकर

आमच्या भावजींइतका हात लावू न देणारा माणूस उभ्या हुबळी-धारवाडात दुसरा सापडायचा नाही. भावजी म्हणजे अक्काचे यजमान. दुर्गदबैलाजवळ त्यांचा दातांचा दवाखाना आहे. सोवळ्याओवळ्याचा त्यांना गंध नाही, जेवायला कुणाच्याही घरी बसतील, पण एकदा त्यांनी एखादी वस्तू स्वच्छ केली, की तिच्याकडे बोट नेलंत तर कानडीतून आरोळी येणारच, "मुट्टब्याड!" म्हणजे हात लावू नका! पुसलेल्या चष्म्याला हात लावा, मुट्टब्याड. धुतलेल्या द्राक्षांना, मुट्टब्याड. लग्नात अक्काचा हात धरण्याआधी त्यांनी दोनदा हात धुतले आणि भटजी ताटकळले, असं अक्का सांगते. ती खोटं फारसं बोलत नाही.

तर आमच्या वडिलांचा, म्हणजे अप्पांचा, पुढचा दात. त्याच्यावर दुसरीकडे बसवून घेतलेली टोपी नातीच्या साखरपुड्यात, हौसेनं मंगलाष्टक म्हणून दाखवताना, 'सावधान'ला उडाली ती थेट व्याह्यांच्या मठ्ठ्यात. लग्नातही मंगलाष्टकं आपणच म्हणणार, हा अप्पांचा हट्ट, आणि लग्न उद्यावर आलेलं! भावजींनी भट्टीत भाजून केलेली झिरकोनियाची नवी टोपी अप्पांच्या तोंडात घालून पाहिली. चोख बसली. लगेच काढली. "थुंकी लागली की सिमेंट धरत नाही," म्हणत तिच्या आत बारीक पांढऱ्या वाळूचा फवारा मारला, धुतली, वाळवली. आता आतून औषध लावायचं आणि सिमेंट भरून बसवायची. तेवढ्यात अप्पांनी ती चिमटीत उचलली आणि खाली पडलेल्या पेढ्यावर मारतात तशी, फू!

"मुट्टब्याड!"

"धूळ झटकली की हो जावईबापू, चिडताय कशाला?"

पुन्हा फवारा, पुन्हा धुणं, पुन्हा वाळवणं. भावजी औषधाच्या बाटलीकडे वळले आणि अप्पांची पुन्हा फू! तिसऱ्या खेपेला अप्पांचे दोन्ही हात मी धरले आणि अक्का त्यांच्या तोंडासमोर टॉवेल धरून उभी राहिली. सासऱ्यांचा असा बंदोबस्त झाल्यावर कुठे ती टोपी बसली.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी 'सावधान' असं ठणकावलं, की बँडवाले चपापले. व्याही तेवढे दोन पावलं मागं सरकले. दात हलला नाही. पुढं अप्पांनी त्याच दातानं ऊस सोलला, चकल्या फोडल्या, भावजींना मनसोक्त चिडवलं.

अप्पा गेल्या वर्षी गेले. अस्थी गोळा करताना राखेत ती टोपी सापडली, अगदी अख्खी. मी हात पुढं केला आणि सवयीनं मागं घेतला. भावजींनी ती उघड्या बोटांनी उचलली. मग हलकेच, फू करून, तिच्यावरची राख उडवली.

"घे," ते म्हणाले, "हात लाव की रे. अप्पांची आहे."