केंद्रक मधोमध आहे

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही. नगरच्या एका वंध्यत्वाच्या दवाखान्यात, प्रयोगशाळेत मी काम करते. म्हणून तर वहिनी कोपरगावहून माझ्याच भरवशावर आल्या.

त्यांची दोनच अंडी मिळाली, तीही कच्ची. अंडं पिकलं की केंद्रक दिसेनासं होतं. इथं दोन्हींत ते स्पष्ट दिसत होतं. एकात मधोमध, दुसऱ्यात कडेला सरकलेलं. मधोमध असेल तर पिकायची शक्यता जास्त, असं मी शिकलेली.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "सकाळपर्यंत इन्क्युबेटरमध्ये राहू दे. पिकलं तरच पुढं."

मला राहवलं नाही. वहिनी आणि सोबत आलेली आई उतरल्या होत्या, त्या खोलीवर फोन लावला. "एकाचं केंद्रक मधोमध आहे. ते पिकणारच!"

संध्याकाळी गेले तर वहिनी पलंगावर उताण्या, ताठ. उशाशी आई पहाऱ्याला.

"काय झालं? दुखतंय का?"

"हळू बोल," आई म्हणाली. "खुडूक कोंबडीखालची अंडी कुनी हलवतं व्हय? ते मधलं सरकंल ना."

"अगं, अंडी दवाखान्यात यंत्रात आहेत!"

"मी तेच सांगत हुते, आत्याबाई, काढून नेली म्हनून!" वहिनी उठल्या आणि तडक मोरीकडं पळाल्या. दुपारपासून आईनं तिकडंही जाऊ दिलं नव्हतं.

परत आल्यावर माझ्याजवळ बसल्या. "वन्सं, पिकंल ना पन? तुमीच म्हनालात."

मी "हो" म्हटलं. पुस्तकात 'शक्यता' होती, 'पिकणारच' हे माझं.

सकाळी वेळेआधीच पोचले, तर दार उघडायला कुणी नव्हतं. पायऱ्यांवर वरखाली करत राहिले. शेवटी एकदाचं बघायला मिळालं. मधल्याचं केंद्रक जसंच्या तसं. कडेच्याचं मात्र नाहीसं झालेलं, आणि काठाशी बारीकसा गोळा बाहेर पडलेला. पिकल्याची खूण. मी तीनदा पाहिलं, मग मॅडमना बोलावलं. त्यांनी लगेच त्यात दादाचा शुक्रजंतू सोडला.

मी फोन लावला.

"मधलं पिकलं?"

"नाही, वहिनी. मी उगाच खात्री दिली. कडेचं पिकलं."

"येक तरी पिकलं ना?"

"पिकलं. आता फलन होतंय का, ते उद्या बघायचं. आजच मी काही सांगणार नाही."

"उद्या कधी?"

"सकाळी."

"सकाळी म्हंजे किती वाजता, वन्सं?"