दोन्या कूकाच्या दारातला केर

म्हातारपण कुठे काढायचं हे ठरवायला व्हर्ना मेल्निकने दोन वर्षं घेतली, आणि तरी तिचं ठरत नव्हतं. कॅनडातल्या सस्कॅचवानच्या सपाट मुलखात तिने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती. नवरा ओरेस्ट वारला, बर्फ उपसून उपसून कंबर गेली, आणि बहात्तराव्या वर्षी बाई दोन बॅगा घेऊन मेक्सिकोत उतरली. पहिलं गाव मासात्लान. समुद्र छान, पण मे महिन्यात पंख्याखाली आडवं पडण्यापलीकडे काही सुचेना. सान मिगेलमध्ये भाजीवालासुद्धा इंग्रजीत बोलायचा, त्यामुळे तिथे तिच्या मोडक्या स्पॅनिशला कुणी विचारलं नाही. पात्स्क्वारो मनात भरलं होतं, पण जानेवारीत सकाळी बोटं आखडली. थंडीच सोसायची तर घर काय वाईट होतं? मग चौथं गाव, चापाला तळ्याकाठचं होकोतेपेक.

मुलगी ग्लेनिस तिकडच्या रजायना शहरातून फोन करायची. तिने संगणकावर तक्ता केला होता. दवाखाना किती लांब, फुटपाथ कसे, ऊन किती, अशा सगळ्या गोष्टींचे गुण मांडून गावांचे नंबर लावायचे.

"आई, ईस्टरपर्यंत ठरव. नाहीतर मी इथल्या वृद्धाश्रमात खोली धरते. बाग आहे, चोवीस तास नर्स आहे."

वृद्धाश्रमाशी व्हर्नाचं वाकडं नव्हतं. फक्त तिथे सगळे रांगत्या पोराशी बोलावं तशा सुरात बोलायचे. आणि तिला जे हवं होतं ते ग्लेनिसच्या तक्त्यात बसत नव्हतं. चारही गावांत लोक चांगलेच वागले. खुर्ची द्यायचे, रस्ता दाखवायचे, तिच्या मोडक्या बोलण्याला हसायचे नाहीत. पाहुणीशी वागतात तसं. पण मरेपर्यंत पाहुणी म्हणून राहायचं या विचाराने तिला फार एकटं वाटायचं.

होकोतेपेकच्या त्या गल्लीत सकाळी सातला दारोदार बायका बादलीने सडा मारतात आणि रस्त्याच्या मध्यापर्यंत आपापलं झाडून घेतात. व्हर्नाने तिसऱ्याच दिवशी झाडू आणला. ती पहाटेची उठणारी. आपलं दार झाडून झालं तरी सात वाजले नव्हते, आणि शेजारच्या दोन्या कूकाच्या, म्हणजे कूकाबाईंच्या, दारात हाकारांदाच्या जांभळ्या फुलांचा खच पडलेला. व्हर्नाने तोही झाडून टाकला. सस्कॅचवानमध्ये जो आधी उठतो तो शेजाऱ्याच्या दारातलंही बर्फ काढतो. त्यात विचार करण्यासारखं काही नसतं.

असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी व्हर्ना बाहेर आली तर तिचं दार झाडलेलं, वर साबण लावून घासलेलं. पलीकडे दोन्या कूका कमरेवर हात देऊन उभ्या.

व्हर्ना हरखली. तिने त्याच दुपारी केळ्याचा केक केला आणि नेऊन दिला.

"सेन्योरा, तुम्ही फारच त्रास घेता," दोन्या कूका म्हणाल्या, केक घेतला आणि दार लावून घेतलं.

शनिवारी घरमालक एलेउतेरिओ आला. घराची मुदत पुढच्या शनिवारी संपत होती, आणि वर्षभर ठेवणार की नाही हे त्याला जाणून घ्यायचं होतं. पण ते विचारायच्या आधी तो म्हणाला, "कूकाशी तुमचं काय बिनसलंय?"

"बिनसलंय? छे, गट्टी जमलीय आमची. एकमेकींचं दार झाडतो आम्ही."

एलेउतेरिओने टोपी काढून कपाळ पुसलं. "अहो बाई, दुसरीचं दार झाडायचं म्हणजे सगळ्या गल्लीला ओरडून सांगायचं, की ही आळशी आहे, हिच्याच्याने आता होत नाही. कूकाला मोतीबिंदू झालाय. केर दिसत नाही तिला नीट. तेच तुम्ही चव्हाट्यावर मांडलंत."

व्हर्नाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आणि केक?"

"केक चांगला होता म्हणाली. म्हणून जास्तच चिडलीय."

व्हर्ना तशीच उठली आणि शेजारी गेली. दोन्या कूकांनी दार अर्धंच उघडलं. व्हर्नाने अडखळत सगळं सांगितलं. बर्फ, फावडं, आधी उठेल त्याने दोन्ही दारं साफ करायची.

दोन्या कूका ऐकून घेत होत्या. "आणि ज्याचं दार साफ केलं तो भांडायला येत नाही?"

"नाही. पुढच्या वेळी तो माझं करतो."

"मग तुम्ही शेजारी भांडता तरी कशावरून?"

व्हर्नाने आठवून पाहिलं. "फारसं भांडत नाही."

"अरेरे," दोन्या कूका म्हणाल्या. त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. त्यांनी दार पूर्ण उघडलं आणि कॉफी टाकली.

समेट झाला, पण इथे राहायचं की नाही यावर व्हर्नाचं घोडं अडलेलंच राहिलं. ग्लेनिसच्या तक्त्यात होकोतेपेक तिसरं आलं होतं. कॉफी तर पाहुणीलाही देतात.

बुधवारी दोन्या कूका स्वतः आल्या. हातात पिशवी, अंगावर चांगला झगा.

"मी ग्वादालाहाराला लेकीकडे चाललेय. डोळ्याचं ऑपरेशन. दहा दिवस लागतील. माझं दार तुम्ही झाडा. आधी पाणी, मग झाडू. आणि समोरच्या रेमेदियोसला हात लावू देऊ नका, ती टपूनच बसलीय."

व्हर्नाचं घर शनिवारपर्यंतच होतं. ते सांगायला तिने तोंड उघडलं आणि म्हणाली, "झाडते."

मग चप्पल पायात सरकवून ती तडक एलेउतेरिओकडे गेली आणि वर्षाचा करार करून आली. ग्लेनिसला तिने संध्याकाळी कळवलं. ग्लेनिस बराच वेळ तक्त्याबद्दल बोलत होती. व्हर्नाने ऐकून घेतलं.

दहा दिवस ती रोज सातला दोन्ही दारं झाडत होती. रेमेदियोस दोनदा झाडू घेऊन पुढे सरसावली, दोन्ही वेळा व्हर्नाने तिला मोडक्या स्पॅनिशमध्ये परतवून लावलं. अकराव्या दिवशी दोन्या कूका रिक्षातून उतरल्या. डोळ्यावर काळा चष्मा. तो त्यांनी कपाळावर चढवला, आपलं दार न्याहाळलं, मग खाली वाकल्या.

"व्हर्ना, इकडे ये. हा कोपरा बघ. फुलं कुजलीत इथे. आणि पायरीखालचं काय? गल्लीने हे दहा दिवस बघितलं? सहाव्या वर्षी मी याच्यापेक्षा बरं झाडत होते. हसतेस काय? उद्या सातला बाहेर ये, शिकवते तुला. आणि तो लांब स्कर्ट घालून येऊ नकोस, केर त्यालाच लागतो सगळा."

दोन वर्षांत, चार गावांत, व्हर्नाला असं कुणी बोललं नव्हतं. तिने दोन्या कूकांच्या हातातली पिशवी घेतली आणि बोलणी खात खात त्यांच्या मागोमाग घरात गेली.