खरचुडीचे पाच कांदे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि आता तीही नाही. आत ठेववत नाही म्हणून तुम्हाला सांगतो.

पोलीस ॲक्शन होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. उर्दूतून शिकलेला मी औरंगाबादच्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवू लागलो होतो. वेड एकच, खरचुडीचं. उष्ण मुलखात या वेलीच्या कितीतरी जाती. बहुतेकींची पानं समोरासमोर, आणि फूल म्हणजे इवलासा कंदील — तळाशी फुगलेली नळी, वर टोकांना जुळलेल्या पाच पाकळ्या. नळीतले केस खाली वळलेले. आत शिरलेली माशी ते सुकेपर्यंत बाहेर पडत नाही.

वेरूळच्या डोंगरावर मेंढ्या चारणाऱ्या सोनाबाईनं मला अशी एक वेल दाखवली, जी माझ्या कुठल्याच पुस्तकाशी जुळेना. एका कपारीपाशी, पाचच वेली. जागा तिला आणि तिच्या भावाला, भिवाला, एवढ्यांनाच ठाऊक.

"फुलं न्या मास्तर, पानं न्या," ती म्हणाली. "पर कांद्याला हात लावू नका. माझ्या मंगलनं लावलेत ते."

मंगल तिची एकुलती लेक, आठव्या वर्षी तापानं गेलेली. खरचुडीचे कांदे, म्हणजे जमिनीतले कंद, पोरं उकरून खातात. या पोरीनं मात्र खाता खाता पाच राखून तिथं पुरले होते. भाद्रपदात फुलं आली की सोनाबाई तिथं जाऊन बसायची. हे सगळं तिनंच मला सांगितलं होतं — म्हणजे माहीत नव्हतं, असं मी कसं म्हणू?

जात ओळखायला कांदा लागतो. पण एक पुरला असता. पाचही का? दुसरं कुणी तिथं पोचेल, माझ्याआधी नाव लावेल — एवढीच भीती. एका दुपारी ती मेंढ्यांना पाण्यावर घेऊन गेली असताना मी पाचही कांदे उकरले. माती सारखी केली. घरी ते मधोमध कापले, वाळवले, कागदावर चिकटवून एका तज्ज्ञाकडं पाठवले. उत्तर आलं — जुनीच जात, आधीच नोंदलेली.

पुढच्या पावसाळ्यात तिथं काहीच उगवलं नाही.

"भिव्यानंच खाल्ले, मास्तर," सोनाबाई म्हणाली. "दुसऱ्या कुणाला ठाव हाय ही जागा?"

माझा तिला संशयही आला नाही. आणि मी — गप्प तरी बसायचं! मी म्हणालो, "असेल."

तिनं सख्ख्या भावाशी बोलणं तोडलं. त्यानं खंडोबाची शपथ घेतली, रडला. तिनं ऐकलं नाही. शेवटी तो आपली मेंढरं घेऊन कन्नड तालुक्याकडं निघून गेला. तिला खरं सांगायला मला अकरा वर्षं मिळाली. दर पावसाळ्यात मी जायचो, तिच्या हातची भाकरी खायचो — आणि परत यायचो. ती गेली, तोवर बहीण-भावाची भेट झाली नव्हती.

तिच्या दहाव्याला भिवा आला. माझ्याशेजारी बसला.

"म्या नव्हते खाल्ले ओ, मास्तर. तुमचं लई ऐकायची ती. तुम्ही तरी सांगायचं व्हतं."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "माझा तुझ्यावर विश्वास आहे, भिवा."

तो हमसून रडला. वाकून त्यानं माझे पाय धरले.

मी धरू दिले.