अठरा दात्यांचं चाक

नवरा घरात बसला की घराच्या खोल्या कमी पडतात, हे भिंगरीच्या बायकोला तीन आठवड्यांत पुरतं कळून चुकलं होतं. गुडघ्याला पट्टा होता आणि सायकलवर बसायचं नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. तरी त्या सकाळी त्याने दोन बिजागऱ्यांना तेल पाजलं होतं, भिंतीवरचं घड्याळ उतरवून परत टांगलं होतं आणि आता तो स्वयंपाकघराच्या ओट्याची लांबी वितीने मोजत होता.

"अहो, ओटा कालच्यापेक्षा वाढलाय का?" ती म्हणाली. "मग सोडा त्याला. मला भाजी चिरायचीय."

त्याचं खरं नाव कागदोपत्री होतं, पण तरुणपणी कुणीतरी म्हणालं, ह्याच्या पायाला भिंगरी आहे, आणि तेच नाव चिकटलं. शहराच्या टोकाला डोंगराळ, दाट झाडीचं राखीव जंगल होतं आणि त्याच्या मधोमध एक खोल घळ. त्या घळीतून जाणाऱ्या सायकलवाटांची राखण हे भिंगरीचं काम. चोवीस वर्षं तो त्या वाटा फिरत, मोजत आणि त्यांची कार्डं लिहीत आला होता. सहलीला येणारे लोक फाटकापाशी सायकल भाड्याने घेत, कार्ड हँडलला अडकवत आणि निघत.

त्याची कार्डं जगावेगळी होती. त्यांच्यावर 'मोठ्या खडकापाशी' किंवा 'वाकड्या झाडाजवळ' असलं काही नसे. झाड पडतं, खडक गडगडतो, आकडा जागचा हलत नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणून कार्डावर फक्त किलोमीटर आणि त्यांच्यापुढे दटावणी. 'ब्रेकवर बोटं ठेवा.' 'गप्पा नंतर मारा.' 'इथे उतरून चाला, शूरपणा घरी दाखवा.' लोक ही कार्डं आठवण म्हणून घरी नेत.

आकडे तो काढायचा तेही स्वतःच्या रीतीने. घळीत फोनचा नकाशा चालत नाही. दोन्ही बाजूंच्या कड्यांमध्ये तो असा गोंधळतो की माणूस रस्त्यावर असला तरी फोन त्याला कड्यावरून उडालेला दाखवतो. भिंगरी पायडलच्या फेऱ्या मोजायचा. त्याच्या बिनगिअरच्या सायकलीची एक फेरी म्हणजे पाच मीटर, हे त्याने तरुणपणी फीत लावून पक्कं केलं होतं. मोजताना सोबत कुणी नको. फेऱ्यांचं टिपण तो घरी आणायचा, बायको गुणाकार करून सुवाच्य अक्षरात कार्ड उतरवायची. तिचं अक्षर छापल्यासारखं होतं.

आज त्याच्या लेकीची परीक्षा होती. जंगलखात्याने तिला सहलींची वाटाड्या म्हणून घेतलं होतं. नव्या वाटेवरून आठ जणांची पहिली टोळी घेऊन ती आठ वाजता निघाली होती. वाट बापाने गुडघा पुरता बसण्याआधी कशीबशी मोजलेली. ह्या वाटेवर पाट्या अजून लागायच्या होत्या. कार्ड तेवढं होतं.

"पोचली असेल का गं डावीकडच्या वळणावर?"

"आत्ता तर गेलीय. बसा जरा."

बसणं त्याच्या कुंडलीतच नव्हतं. तो मागच्या पडवीत गेला आणि खिळ्यांचा डबा उपडा करून खिळे लहानमोठे लावू लागला. खिळ्यांत एक दातेरी चाक निघालं, तेलकट, झिजलेलं. त्याच्याच सायकलचं मागचं जुनं फ्रीव्हील. हातात आलेली वस्तू मोजायची, ही त्याची खोड. त्याने दाते मोजले. अठरा.

मग तो तसाच थांबला. पुन्हा मोजले. अठराच.

चार महिन्यांपूर्वी चढावर गुडघा ओरडायला लागला तेव्हा त्याने गुपचूप हे अठरा दात्यांचं चाक काढून वीस दात्यांचं बसवून घेतलं होतं. चढ हलका झाला. घरी सांगितलं, साखळी बदलली. पण मागचं चाक मोठं झालं की पायडलच्या एका फेरीत सायकल कमी पुढे जाते. पाच मीटर नव्हे, साडेचार. नवी वाट त्याने ह्याच सायकलीवर मोजली होती आणि गुणाकार मात्र पाचानेच झाला होता.

"ते डावीकडचं वळण किती लिहिलंयस तू?" त्याने स्वयंपाकघराच्या दारात येऊन घोगऱ्या आवाजात विचारलं.

"पाच किलोमीटर. हजार फेऱ्या, गुणिले पाच. का?"

"साडेचार आहे."

तिने सुरी खाली ठेवली. त्याने हातातलं चाक पुढे केलं आणि चोरी पकडली गेल्यासारखं सगळं सांगितलं.

"साखळी म्हणालात मला."

"गुडघा म्हणालो असतो तर तू सायकल माळ्यावर टाकली असतीस."

"टाकलीच असती!" ती म्हणाली. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिचा आवाज उतरला. "वळण चुकलं तर काय आहे पुढे?"

"उतार. मग आंधळं वळण. त्याच्यापलीकडे लाकडी पूल." त्याने चाक ओट्यावर ठेवलं. "पुलाच्या फळ्या काढल्यात. दुरुस्तीला. फाटकावरच्या पहारेकऱ्याने काल सांगितलं. मी म्हटलं, पोरं अलीकडेच वळणार, तिला कशाला घाबरवायचं."

फोन लावला. घळीत शिरलेल्याचा फोन लागत नाही, हे दोघांना ठाऊक होतं, तरी तीनदा लावला. मग तिने स्कूटरची किल्ली घेतली.

फाटकावर पहारेकऱ्याने दोन्ही हात पसरले. "वहिनी, इंजिनाची गाडी आत नाही. पाटी ह्यांनीच रंगवलीय." भिंगरीने एका दमात काय झालं ते सांगितलं. पहारेकरी हबकला, पण आत नेण्यासारखं त्याच्याकडे काय होतं? खात्याची जीप शहरात गेलेली, भाड्याच्या चांगल्या सायकली टोळीने नेलेल्या. शेडमध्ये उरली होती दोन माणसांची लांबलचक सायकल, जी नवी जोडपी फोटोपुरती घेत आणि शंभर पावलांत भांडून परत आणत.

"मी पुढे बसतो," भिंगरी म्हणाला.

"तुम्ही मागे. दुखरा पाय आडव्या दांडीवर ठेवा आणि एकाच पायाने जमेल तेवढं मारा."

"तुला चढ कुठे सुरू होतो ते माहीत नाही!"

"चढ कळतो हो. तेवढी अक्कल आहे मला."

निघाले. मागे बसलेल्या माणसाला पुढच्याची पाठ दिसते, बाकी काही नाही. चोवीस वर्षं जो सगळ्यात पुढे होता त्याला वाट दिसेना. तो उजवीकडून वाकून बघे, सायकल उजवीकडे झुके. डावीकडून बघे, डावीकडे झुके.

"वळवळू नका! आपण दोघं पुलाआधीच घळीत जाऊ."

"मोठ्या दगडापाशी आलीस का?"

"कार्डावर दगड नसतात ना तुमच्या?"

झाडी दाट झाली, कडे जवळ आले, हवा गार पडली. बायकोचा श्वास भात्यासारखा चालला होता. ती शाळेत असताना सायकलने जात होती, त्यानंतर आजच. तरी ती थांबली नाही. त्याचा एक पाय फिरत होता, दुसरा दांडीवर टेकलेला होता, आणि ओठ आपोआप फेऱ्या मोजत होते. मध्येच आकडा चुकला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने तो पुन्हा धरायचा प्रयत्न केला नाही.

वळणावर, जुन्या दगडी टाकीसमोर, कुणी नव्हतं. मातीत नऊ सायकलींचे माग होते आणि सगळे सरळ उताराकडे गेले होते.

भिंगरी खाली उतरला, लंगडत चार पावलं गेला आणि लेकीच्या नावाने ओरडला. कड्याने ते नाव परत दिलं, मग समोरच्या कड्याने. त्यानंतर काहीच नाही. बायकोने त्याचा दंड धरला. तिची बोटं रुतत होती.

मग खालून कुणाचीतरी कुरकुर वर आली. "ताई, सायकली ढकलायला पैसे भरलेत का आम्ही?"

झाडाआडून आधी लाल टोपी दिसली. लेकीची. तिच्यामागे आठ जण सायकली ढकलत, घामाघूम. भिंगरीने एक, दोन, तीन करत आठही डोकी मोजली, पुन्हा मोजली, आणि मग वाटेच्या कडेला बसला.

"बाबा? आई! तुम्ही ह्या सायकलवर?"

"ते राहू दे. कुठपर्यंत गेली होतीस?"

"घड्याळात चार पूर्णांक आठ झाले तेव्हा थांबले." तिने हँडलवरच्या अंतर दाखवणाऱ्या घड्याळावर टिचकी मारली. "आकड्याप्रमाणे अजून दोनशे मीटर जायचं होतं. पण उतार एकदम धरला आणि मी कार्ड बघितलं तर एक शब्द नाही. वीतभर उतारालासुद्धा तुम्ही ब्रेकवर बोटं ठेवायला सांगता. एवढ्या मोठ्या उताराला गप्प बसणारा माझा बाप नाही. म्हटलं, आपणच भलतीकडे आलोय. फिरा मागे."

भिंगरीने एकदा बायकोकडे बघितलं. मग त्याने आठ परक्या माणसांसमोर सगळं सांगितलं. चाक, गुडघा, साखळीची थाप, आणि पुलाच्या फळ्यासुद्धा. सांगताना तो दहादा उठला आणि बसला.

लेकीचा चेहरा पुलाच्या उल्लेखावर पांढरा पडला. "फळ्यांचं तरी सांगायचं होतं, बाबा."

"हो. सांगायचं होतं."

एक चष्मेवाले गृहस्थ खाकरले. "म्हणजे पुढचेही सगळे आकडे फुगलेले?"

"सगळे," भिंगरी म्हणाला. "दहा लिहिलंय तिथे नऊ धरा."

तिथेच, वळणावर, पेन्सिल निघाली. तो एकेक आकडा वाचत गेला, बायको दहावा भाग वजा करत गेली, लेक खोडून नवा लिहीत गेली. शेवटी तिने कार्डाच्या डोक्यावर स्वतःच एक ओळ घातली: 'डावीकडे वळण, समोर जुनी दगडी टाकी.'

"टाकी पडली तर?" त्याच्याच्याने राहवलं नाही.

"पडली तर मी येऊन बघेन. पुढच्या आठवड्यात वाट पुन्हा मोजायचीय. मी मोजणार. तुम्ही घरी बसून दटावण्या लिहा."

त्याने मान हलवली. हलवायला वेळ लागला, पण हलवली. टोळी डावीकडे वळून झाडीत शिरली. शेवटची सायकल दिसेनाशी होईपर्यंत तो उभाच राहिला. सोबत जायला निघालेला पाय त्याने दोनदा मागे घेतला.

परतीला बायको पुढे, तो मागे. तिच्या पाठीला त्याचे ओठ हलताहेत हे न बघता कळलं.

"मोजताय ना?"

"नाही गं."

"किती झाल्या?"

"दोनशे सहा." थोड्या वेळाने तो चुळबुळला. सायकल डगमगली. "जरा थांबव."

"आता काय?"

"ह्या सायकलच्या मागच्या चाकाला दाते किती आहेत, ते बघायचंय."