गाठोडेनाना आणि चांदीचे डोळे

गाठोडेनाना न बघता सामान ओळखायचे. नव्वदच्या दशकातली ती वर्षं. पेण-रोह्याची आमची पालखी चैत्रात पायी कार्ल्याच्या एकवीरेला निघाली की सामानाच्या टेम्पोत नाना बसत. मुक्कामाला गाठोड्याची गाठ चाचपत नि हाक मारत, "ही जिते गावच्या काकूची, सुटता सुटत नाय. ही रोह्याच्या मास्तरांची, बांधलीच नाय!" आम्ही पोट धरून हसायचो. म्हाताऱ्याची मिजास, दुसरं काय, असं मला वाटे.

एरवी ते आमचे शेजारी, खाडीकाठच्या मिठागरावर कामाला. जन्म त्या पांढऱ्याशुभ्र उन्हात गेलेला. बायको मागेच गेली, पोरबाळ नाही. पालखीचे चार दिवस मात्र त्यांचा थाट बघावा. "माझ्या हातून सुईपन हरवली नाय," असं दर मुक्कामाला ऐकवत, आणि ते खरं होतं.

त्या वर्षी कुणाला तरी हौस आली आणि सगळ्यांना एकसारख्या भगव्या पिशव्या मिळाल्या. चेनवाल्या. गाठ नाही, नुसती नावाची चिठ्ठी. नाना सकाळपासून एकेक पिशवी चाचपून खाली ठेवत होते. खोपोलीला दुपारी जेवणाच्या गर्दीत कुणीतरी "ती माझी" म्हणून पिशवीकडे हात केला, नानांनी उचलून दिली. तो माणूस पुन्हा दिसला नाही. पिशवी वरसे गावच्या सखूबाईंची होती, आणि तिच्यात देवीला वाहायचे चांदीचे डोळे. नातवाची दृष्टी परत आली म्हणून नवस फेडायचा होता. सखूबाईंनी रस्त्यातच बसून हंबरडा फोडला.

"चौथी पास ना तुम्ही? चिठ्ठी वाचली नाय?" लोक अंगावर आले. मग "यानंच लपवले असतील" म्हणत त्यांचीच पिशवी उपडी केली. धोतर, तंबाखूची डबी आणि डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली. चांदी शोधणाऱ्यांना बाटलीशी काय देणंघेणं? ती मी उचलली, आणि गाठी चाचपणारे नानांचे हात आठवले.

"नाना, तुम्हांला दिसत नाय? थांबा, मी सांगते सगळ्यांना."

त्यांनी माझा हात घट्ट धरला. "नको गो बाय. चोराला मिठावर काम मिलंल. आंधल्याला कोन देईल?"

कुणाला सांगू नको म्हणून त्यांनी मला देवीची शपथ घातली. मी एसटीची पाटी वाचून त्यांना गाडीत बसवलं. पुढल्या वर्षी त्यांना कुणी बोलावलं नाही.

दोन वर्षांत होती नव्हती ती नजर गेली, कामही गेलं. आता शपथेला अर्थ उरला नव्हता. तरी मी बोलले नाही. इतके दिवस का गप्प होतीस, असं विचारतील ही भीती. त्या भित्रेपणाची लाज मला अजून वाटते. नाना ओट्यावर बसलेले असत, आणि जाता-येता बायका मुद्दाम मोठ्याने म्हणत, "देवीचे डोले चोरले ना, देवीनं याचे घेतले."

एकदा मी भाकरी घेऊन गेले तेव्हा ते चाचपडत माझा हात शोधत म्हणाले, "आता मनापन तसाच वाटतं गो. मीच घेतले असतील."