उजव्या हाताचा मोजा

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय? काल खोडाळ्याच्या बाजारात एक बाई म्हणाली, "रोशनीसाठी तू किती केलंस गे!" — आणि माझ्या अंगाची आग आग झाली. किती केलं? ऐका.

रोशनी माझी मुलगी, आता पहिलीत आहे. जन्माच्या वेळी तिच्या मेंदूला इजा झाली. डाव्या हाताची मूठ उघडेना. ती तान्ही होती तेव्हा मुंबईच्या थेरपिस्ट ताई मला फोनवरून शिकवायच्या — चांगल्या, उजव्या हातावर मोजा चढवायचा, खुळखुळा डावीकडे धरायचा आणि वाट बघायची. रोज अर्धा तास. उजवा अडला की डावा पुढे येईल. हे वय गेलं की अवघड. मला सगळं कळलं होतं. आज अंगणवाडीत बाकीच्या आयांना हा व्यायाम मीच तर शिकवते!

पण मोजा घातला की ती किंचाळायची. सासू म्हणाली, "लेकराचा हात नको बांधू गे." पुढे वर्षभर मी सासूच्या नावाने खडे फोडले — खोटं. ती एकदाच बोलली आणि गप्प बसली. मोजा मीच काढायचे. मायेपोटी? छे! ते रडणं मला नको होतं. शेतावरून, पाण्यावरून यायचं आणि वर हे — मला त्या एवढ्याशा पोरीचाच राग यायचा. आठवड्यातून एकदा मोजा चढवायचा, व्हिडिओ काढायचा, टेकाडावर रेंजमध्ये जाऊन ताईंना पाठवायचा. संपला व्यायाम.

"रोज करताय ना?"

"हो ताई, रोज."

हात सुधारेना. तेव्हा ताई म्हणाल्या, "तुम्ही एवढं करताय, म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय." बोलायची हीच वेळ होती — नाही का? मी म्हणाले, "बघा ना, ताई." वर तक्रारीच्या सुरात!

परवा शाळेत सगळी मुलं टाळ्या वाजवत होती. रोशनी एका हाताने मांडीवर थापा मारत होती, हसत. घरी जेवताना तिने विचारलं, "आये, माझा ह्यो हात असा का गे?"

"जन्मापासूनच तसा, बाय."

त्यातलं जन्माचं किती आणि माझं किती, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. तिने मान डोलावली, आणि नागलीची भाकरी माझ्यापुढे धरली — मोडून द्यायला.